प्रस्तावना: घर दाखविण्याआधी

माझ्या भाचीने सिद्ध केलेल्या या छोटेखानी पुस्तिकेला प्रस्तावना लिहिण्याचा माझा अधिकार कोणता, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा विद्वत्तेच्या खात्यावर काही जमा आढळले नाही. आढळले ते एवढेच की, या पुस्तिकेतील जवळजवळ प्रत्येक सूचना ज्या घरावर प्रथम अजमावून पाहण्यात आली, ते रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातील घर तेव्हा माझे होते, आणि त्या सहा-सात आठवड्यांत स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे वावरण्याचा जो प्रसंग मजवर आला, त्याची अल्पस्वल्प नुकसानभरपाई म्हणून ही पाने मला देण्यात आली आहेत. "मामा, तुम्ही प्रत्येक गोष्टीला आडवे आलात, आता ते सगळे लिहून तरी काढा," असे ती म्हणाली. आडवे आल्याचा आरोप मला मान्य आहे. ज्याने उभा जन्म न्यायालयाच्या नक्कल विभागात दुसऱ्यांच्या खरेदीखतांच्या, वाटणीपत्रांच्या आणि हुकूमनाम्यांच्या नकला करण्यात घालविला, त्याला आपल्या घराचा मजकूर कोणी बदलू लागले तर तो सुधारणेपेक्षा खाडाखोडच अधिक वाटावी, हे स्वाभाविक होते.

घर विकण्यापूर्वी ते परक्या माणसांना दाखविण्याजोगे कसे करावे, हा विषय मराठीत नवा आहे, आणि त्याचे कारण आपल्या आळसात नसून आपल्या भाषेत आहे. 'घर दाखविणे' हा प्रयोग आपण वास्तुशांतीला आलेल्या आप्तांसाठी, फार तर नव्या भाडेकरूसाठी राखून ठेवला. 'घर विकायला काढले' एवढे शब्द मात्र कानी पडताच ऐकणाऱ्याच्या मनात दुसरा प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे 'काय झाले?' कर्ज झाले, कज्जा झाला, की थोरल्याने काही उद्योग करून ठेवला? ज्या समाजात विक्री हीच झाकण्याची गोष्ट, तेथे विक्रीसाठी घर सजविणे म्हणजे दुखण्याची दवंडी पिटण्यासारखेच होते. म्हणून दलाल यायचा तो दिवेलागणीनंतर, घेणारा यायचा तो कोणाचा तरी दूरचा नातेवाईक म्हणून, आणि माजघरातील बायकांना आपले घर विकले गेल्याचे कित्येकदा इसारपावती झाल्यावर कळायचे. आमच्या रायपुरात इसार हा शब्दही मागे पडला आहे. येथे मराठी माणूसदेखील 'बयाना झाला' असेच म्हणतो, आणि पुण्याहून आलेला भाऊ 'विसार' म्हणाला की आम्ही क्षणभर विसरण्याचा काही संबंध असावा अशा मुद्रेने त्याच्याकडे पाहतो.

अमेरिकेत याच्या अगदी उलट रीत असल्याचे भाचीने तेथील काही वर्षांच्या वास्तव्यात पाहिले. न्यू जर्सीत रविवारी घरासमोरच्या हिरवळीवर एक पाटी रोवतात, ठराविक तासांपुरते दार उघडे ठेवतात, आणि ज्याला घ्यायचे आहे तो, ज्याला केवळ पाहायचे आहे तो, व ज्याला यांपैकी काहीच करायचे नसून समोरच्यांनी नवी फरशी कोणती घातली एवढेच जाणून घ्यायचे आहे तो, असे तिन्ही प्रकारचे लोक निःसंकोच आत शिरतात. यजमान त्या वेळी मुद्दाम बाहेर गेलेला असतो. याला ते 'ओपन हाउस' म्हणतात. सिअॅटलच्या परिसरातील बार्ब श्वार्ट्झ या गृहसजावटीचा व्यवसाय करणाऱ्या बाईंकडे, त्यांनी १९७२ साली विक्रीच्या घरांची मांडणी रंगमंचासारखी करण्याचा उपक्रम आरंभिला म्हणून, त्या विद्येचे जनकत्व दिले जाते, आणि तिकडे तिला नावही रंगमंचावरूनच पडले आहे. नाटकाच्या नादी लागलेल्या महाराष्ट्राला हे सुचू नये याचे मला प्रथम आश्चर्य वाटले. पुढे विचार करता वाटले की, आपल्या नाटकांतही घर हे बहुधा शेवटच्या अंकात विकले जाते, आणि तेव्हा नेपथ्याकडे कोणाचे लक्ष नसते.

ज्या ठिकाणी हा प्रयोग झाला त्याविषयी दोन शब्द अवश्य आहेत. बूढ़ापारा ही रायपूरची जुनी वस्ती, बूढ़ा तालाबाच्या, म्हणजे सरकारदरबारी ज्याला आता विवेकानंद सरोवर म्हणतात त्याच्या, काठाला लागून वसलेली; 'पारा' म्हणजे छत्तीसगढीत मोहल्ला, आणि पुण्याच्या पेठेला जो अभिमान तोच आमच्या पाऱ्याला. नागपूरकर भोसल्यांची सत्ता या प्रांतात अठराव्या शतकाच्या मध्यावर आली. बिंबाजी भोसले १७८७ पर्यंत रतनपुरास राहून कारभार पाहात. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले, १८५४ साली नागपूरचे राज्यच खालसा झाले आणि १८६१ साली मध्यप्रांताची घडी बसली. सत्ता गेली तरी तिच्या मागोमाग आलेले कारकून, शिक्षक, वकील आणि भिक्षुक गेले नाहीत, किंबहुना शाळा-कचेऱ्या वाढल्या तसे नागपूर-वऱ्हाडाकडून आणखी येत राहिले. तात्यापाऱ्यात, ब्राह्मणपाऱ्यात, बूढ़ापाऱ्यात त्यांनी घरे केली, आणि तीन-चार पिढ्यांत त्यांच्या मराठीत ओसरीसाठी 'परछी', परसासाठी 'बाडी', कौलांसाठी 'खपरा' हे शब्द असे मुरले की ओसरी म्हटले तर आमची मुले ती कोठे आहे असे विचारतात.

या पाऱ्यातील सर्वांत प्रसिद्ध घर एका भाडेकऱ्यामुळे प्रसिद्ध आहे. कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त १८७७ साली कामानिमित्त येथे आले, तेव्हा रायपूरला रेल्वे नव्हती आणि त्यांचे कुटुंब बैलगाडीचा दीर्घ प्रवास करून पोहोचले. त्या कुटुंबातील किशोरवयीन नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, सुमारे दोन वर्षे येथे राहिला. ते वास्तव्य ज्या 'डे भवना'त झाले म्हणून सांगतात ती वास्तू बूढ़ापाऱ्यातच आहे. घराचे मोल त्यातील स्मृतींनी वाढते असे मानणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याने हे उदाहरण ध्यानात ठेवावे, आणि त्याचबरोबर हेही ध्यानात ठेवावे की आपल्या घरात तसा भाडेकरू राहिलेला नाही. आमच्या वडिलांनी जेथे बसून ज्ञानेश्वरीचे पाठांतर केले तो कोनाडा घेणाऱ्याच्या दृष्टीने दीड वीत खोलीचा एक कोनाडाच असतो, व त्यात तो दूरध्वनीचे यंत्र ठेवतो. हे पचविण्यास मला पंधरवडा लागला.

घर आणि माती यांविषयी या भूमीत एक कथा लिहिली गेली आहे, तिचा उल्लेख टाळता येत नाही. बूढ़ापाऱ्यातील शाळेला ज्यांचे नाव आहे ते माधवराव सप्रे (१८७१–१९२६) मराठी घरात जन्मले आणि हिंदीच्या सेवेत झिजले. 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे ते हेच. रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे यांच्या साहाय्याने त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' हे मासिक काढले, आणि त्यात १९०१ साली त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा छापून आली, जिला हिंदीतील पहिली लघुकथा मानणारे अनेक अभ्यासक आहेत. जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवावयाचे असते, शेजारी एका विधवेची झोपडी असते, वकिलांचे खिसे भरून कबजा मिळतो. मग ती विधवा चुलीसाठी टोपलीभर माती मागायला येते आणि ती टोपली उचलण्यास जमीनदाराचाच हात मागते. पुढे काय होते ते मूळ कथेत वाचावे. आमच्या घराची विक्री स्वेच्छेची, दर राजीखुशीचा, घेणारा सज्जन. त्या विधवेशी आमची तुलना करणे हा तिचा अपमान होईल. तरीदेखील माळा रिकामा करावयास घेतला त्या सकाळी मला ती टोपली आठवली, एवढे नमूद करतो.

माळ्याचे प्रकरण थोडे विस्ताराने सांगतो. भाचीचा पहिला नियम, जो या पुस्तिकेतही पहिलाच आहे, असा की दाखविण्याआधी घरातील निम्मे सामान घराबाहेर गेले पाहिजे, कारण घेणाऱ्याला भिंती विकत घ्यायच्या असतात आणि त्या त्याला दिसल्या पाहिजेत. मी म्हटले, आमच्याकडे अडगळ अशी नाहीच. तिने शिडी लावली. दोन तासांत माळ्यावरून खाली उतरले ते असे: तांब्याचा बंब, ज्याची तोटी १९८० च्या आसपास हरवली, पितळेची दोन घंगाळी, दिवाळी अंकांची अकरा बासने, त्यांपैकी चार वाळवीने आमच्यापेक्षा अधिक मन लावून वाचलेली, शिवणयंत्राची यंत्राविना पेटी, कोणाच्या तरी बारशाचा पाळणा, आणि छत्र्या. छत्र्या सतरा निघाल्या, आणि त्यांतील एकही उघडेना. रायपुरात जूनच्या मध्यावर पाऊस सुरू झाला की आमच्या घरी दरवर्षी नवी छत्री यायची, कारण जुनी 'दुरुस्तीला टाकायची' असायची. त्या सतरा छत्र्या परछीत ओळीने निजविल्या तेव्हा माझ्या अख्ख्या संसाराचा हिशेब कोणी तरी उघड्यावर मांडल्यासारखे मला वाटले, आणि अडगळ नाही हे विधान मी मागे घेतले.

दुसरा नियम वासाचा. प्रत्येक घराला वास असतो आणि तो त्या घरातील माणसांखेरीज सर्वांना येतो, हे तिचे म्हणणे मला काव्य वाटले होते. तिने वाद न घालता मला दहा दिवस नागपूरला धाकट्या बहिणीकडे पाठविले. परतलो, कुलूप काढले, आणि जन्मात पहिल्यांदा मला माझ्या घराचा वास आला: हिंगाचा, कापराचा, ओल्या लाकडाचा, बंद कपाटातील कागदांचा, आणि त्या सर्वांखाली मुरलेला एक कुबट, थंड दर्प, जो कशाचा हे मला तत्क्षणी कळले व कळून न कळल्यासारखे मी केले. पुस्तिकेत यावर कडुनिंबाच्या पाल्यापासून उन्हात गाद्या टाकण्यापर्यंत नऊ उपाय दिले आहेत व ते सर्व उपयुक्त आहेत. परंतु सर्वांत मोठा उपाय दहा दिवस घराबाहेर राहण्याचा, कारण आपले घर आपल्याला परके झाल्यावाचून दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते नीटनेटके कसे करणार? आरशावरचा डाग, देवघरातील तेलकट भिंत, विजेच्या बटणाभोवती चाळीस वर्षांच्या बोटांनी काढलेले काळे वर्तुळ, ही सर्व मला त्या दिवशी दिसली.

आता त्या दर्पाविषयी. माजघराची पश्चिमेची भिंत तलावाच्या अंगाची. जुन्या विटाचुन्याच्या बांधकामात जोत्याशी ओल अडविणारा थर नसे, त्यामुळे जमिनीतील पाणी विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते, बरोबर क्षार आणते, आणि पाणी वाळले की क्षार पृष्ठभागावर फुलून येतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. चुन्याचा गिलावा असतो तोपर्यंत भिंत श्वास घेत असते, ओल येते तशी जाते. आमच्या वडिलांनी मात्र १९७० नंतर केव्हातरी, त्या काळी सर्वच सुज्ञ लोक करीत होते म्हणून, तिला सिमेंटचा गिलावा दिला, आणि कोंडलेले पाणी गुडघ्यापर्यंत होते ते कमरेपर्यंत चढले. तेव्हापासून दर दिवाळीला रंग द्यावा आणि दर श्रावणात तो पापडासारखा फुगून गळावा, असा क्रम चालू होता. पूर्वी या मुलखातील बायका सणाला छुहीमातीचा, म्हणजे पांढऱ्या मातीचा, पोतारा देत, त्याला खर्च कमी आणि भिंतीला त्रासही कमी. पण छुहीने सारवलेली भिंत गरिबाची दिसते असे आमच्या पिढीला वाटू लागले.

रंगाऱ्याने उपाय सांगितला. वर एक रबरी लेप, त्यावर दोन हात रंग, सहा महिने काही दिसणार नाही, "तोपर्यंत आपण मोकळे व्हाल." येथे मला एक कबुली द्यावयाची आहे, कारण ती भाचीने पुस्तिकेत सौजन्याने गाळली आहे. रंगाऱ्याला नकार देण्याइतका मी प्रामाणिक होतो, परंतु त्याच संध्याकाळी मी एकट्याने शिसवी कपाट ओढत ओढत त्या भिंतीपाशी नेऊ लागलो होतो. लेप देणे म्हणजे लबाडी, आणि कपाट ठेवणे म्हणजे केवळ कपाट ठेवणे, असा भेद मी मनाशी केला होता. फरशीवर कपाटाच्या पायाचा ओरखडा उठला, आवाज झाला, भाची बाहेर आली. ती म्हणाली, "मामा, तिकडे अनेक राज्यांत विकणाऱ्याला छापील पत्रकावर लिहून द्यावे लागते, छत कोठे गळते, ओल कोठे आहे. तुमच्याकडे असा काही कायदा नाही का?"

कायदा आहे, आणि त्याच्या आधाराने झालेल्या दाव्यांच्या नकला मी स्वहस्ते केल्या होत्या. १८८२ च्या संपत्ती हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५५ सांगते की, मिळकतीत अथवा तिच्यावरील हक्कात असा काही महत्त्वाचा दोष असेल, जो विक्रेत्यास ठाऊक आहे, खरेदीदारास ठाऊक नाही व साधारण काळजी घेऊनही त्याच्या ध्यानी येण्याजोगा नाही, तर विक्रेत्याने तो उघड केला पाहिजे. खरेदीदाराने मिळकतीविषयी वा हक्काविषयी प्रस्तुत प्रश्न विचारले तर आपल्या माहितीप्रमाणे उत्तर दिले पाहिजे. आणि करार झाल्यापासून कबजा देईपर्यंत शहाणा मालक घेईल तितकी मिळकतीची व कागदपत्रांची काळजी घेतली पाहिजे. दोष न सांगणे हे त्या कलमानुसार कपटच ठरते. सव्वाशेहून अधिक वर्षे जुन्या या इंग्रजी वाक्यरचनेत एक शब्द मोठा मार्मिक आहे, तो म्हणजे 'साधारण काळजी'. कपाटामागची भिंत साधारण काळजीने दिसते काय? मी कपाट परत जागेवर नेले. भाचीने दुसरे टोक धरले.

त्या रात्री मी फुलस्केप कागदावर, जुन्या सवयीने डाव्या बाजूस समास सोडून, एक याद केली. 'उणिवांची याद' असे शीर्षक दिले आणि तेरा कलमे लिहिली: पश्चिमेची भिंत, ओल कमरेपर्यंत, कारण अमुक; स्वयंपाकघरावरील खपरा दर उन्हाळ्यात शाकारावा लागतो; सरईच्या (सालाच्या) दोन वाशांना वाळवी लागून गेली, औषध केले, तरी ठोकून पाहावे; परसातील विहीर बुजविलेली असून तीवर बांधकाम करू नये; जिन्याची चौथी पायरी इतरांपेक्षा बोटभर उंच. आमच्या जुन्या दस्तांत मिळकत लिहून देताना जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप अशी भरघोस माळ गुंफण्याची पद्धत होती. पायाखालचा कल्पित खजिनादेखील त्यात घेणाऱ्याला बहाल केलेला असे. डोक्यावरच्या गळक्या खपऱ्याचा मात्र त्या माळेत समावेश नसे. ती न्यूनता या यादीने भरून काढली, असे मी जरा फुशारकीने भाचीला म्हणालो, आणि तिने त्या कागदाच्या पंचवीस प्रती काढून आणल्या. पुस्तिकेच्या अखेरीस तिचा नमुना जोडला आहे.

कागदपत्रांच्या प्रकरणावर मी अधिक लिहीत नाही, कारण ते पुस्तिकेत चोख उतरले आहे. एवढेच म्हणतो की, भिंती रंगविण्याआधी वारस मोजावे. जुन्या रायपुरात बऱ्याच जागा नझूलच्या आहेत, म्हणजे जमीन सरकारची आणि आपल्याकडे पट्टा. पट्ट्याची मुदत, नूतनीकरण आणि विक्रीची परवानगी पाहिल्यावाचून पाटी लावणे म्हणजे वधूचे नाव न विचारता मुहूर्त काढणे होय. तसेच ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले आहे. तेव्हा 'बहिणी काही म्हणणार नाहीत' हा दस्तऐवज कोणत्याही उपनिबंधकाच्या कचेरीत नोंदला जात नाही. आमच्या दोघी बहिणींनी सही दिली, परंतु दिली ती घर एकदा रिकामे व झाडलेले पाहून झाल्यावर, आणि धाकटी त्या दिवशी न्हाणीघरात बराच वेळ होती.

मुहूर्ताविषयी मी भाचीशी भांडलो आणि जिंकलो. ती एप्रिल म्हणत होती. पण रायपूरच्या वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकतो, पश्चिमेच्या खोल्या भट्टीसारख्या तापतात, आणि त्या उन्हात येणारा माणूस घर न पाहता पंखा पाहतो. पावसाळ्यात आमची भिंत स्वतःच बोलू लागते. पितृपक्षात कोणी बयाना देत नाही. म्हणून दसऱ्यानंतरचे दोन रविवार, सकाळी नऊ ते बारा, असे ठरले, कारण त्या वेळी परछीत ऊन तिरपे येते आणि आमच्या घरात जे काही सौंदर्य होते ते या तीन तासांपुरतेच होते. फाटकावर पाटी लावली, नातलगांच्या व्हॉट्सअॅपवर निरोप फिरला. भाचीच्या शास्त्राप्रमाणे मी त्या वेळी घराबाहेर असावयास हवे होते. मी तलावाच्या कट्ट्यावर, स्वामीजींच्या पुतळ्याकडे तोंड करून, बरोबर वीस मिनिटे बसलो आणि परत आलो.

पहिल्या रविवारी त्रेचाळीस माणसे आली. त्यांत घेणारी तीन. उरलेली चाळीस पाऱ्यातील. अमेरिकेतील पुस्तकांत ज्याची कल्पनाही नाही असे काहीतरी मग घडू लागले. शेजारणी स्वयंपाकघरात शिरल्या आणि खरेदीदारांना घर दाखवू लागल्या. चुलीचा धूर पूर्वी कोणत्या झरोक्यातून जाई, १९९० नंतर तो झरोका कोणी बुजविला, विहिरीचे पाणी कसे गोड होते आणि ती बुजविली तेव्हा पाऱ्यातील किती बायकांनी आमच्या आईशी अबोला धरला, हे सारे त्या परक्या माणसांना, अर्धे हिंदीत, अर्धे छत्तीसगढीत, अत्यंत अधिकारवाणीने सांगितले जात होते. एक गृहस्थ होकायंत्र घेऊन आले होते व देवघर ईशान्येस नाही म्हणून खिन्न होते. त्यांना समोरच्या काकींनी असे सुनावले की, या देवघरातील प्रसाद खाऊन तिघे जण मॅट्रिक झाले आहेत. भाची भिंतीला टेकून उभी होती. तिने जास्वंदीची परडी मध्यभागी ठेवून जे एक शांत, अनाम, कोणाचेही होऊ शकेल असे घर मोठ्या कष्टाने रचले होते, ते पाऱ्याने अर्ध्या तासात पुन्हा आमचे करून टाकले.

मला वाटते, ओपन हाउस ही रीत आपल्या जुन्या वस्त्यांत आणताना सर्वांत मोठा फरक येथे पडतो, आणि पुस्तिकेच्या दुसऱ्या भागात भाचीने तो प्रांजळपणे मान्य केला आहे. जेथे शेजारी शेजाऱ्यास ओळखत नाही तेथे घराला रंगमंच करता येतो, कारण प्रेक्षकाला पडद्यामागचे ठाऊक नसते. पाऱ्यात प्रेक्षकांतील निम्मे लोक पडद्यामागेच लहानाचे मोठे झालेले असतात. येथे गुप्त दोष असा संभवतच नाही. कायद्याची 'साधारण काळजी' म्हणजे समोरच्या काकींना एक प्रश्न विचारणे. तेव्हा ज्याला या वस्तीत घर विकावयाचे आहे त्याने रंगाच्या डब्याआधी शेजाऱ्यांकडे जावे, आपण विकतो आहोत हे स्वतःच्या तोंडाने सांगावे, आणि लोक येतील त्या दिवशी त्यांनाही बोलवावे. न बोलावता ते येतीलच. पण बोलावले तर चहाचे पाहतात.

घर ज्यांनी घेतले ते कुटुंब पहिल्याच रविवारी आले होते. त्यांनी यादीची प्रत घडी करून नेली, दुसऱ्या रविवारी गवंड्याला घेऊन आले, सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करण्याचा खर्च काढला आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा मागितली. आम्ही दिली. त्यानंतर एका पैशाची घासाघीस झाली नाही, हे व्यवहारज्ञ वाचकांसाठी सांगतो; ज्यांना हा तोटा वाटेल त्यांच्याशी मी वाद घालीत नाही, माझा एक भाऊच त्या पक्षाचा आहे.

यादीत मी तेरा कलमे लिहिली होती, परंतु पुस्तिकेतील नमुन्यात चौदा आहेत, याचा खुलासा करून ही लांबलेली प्रस्तावना आवरती घेतो. चौदावे कलम काकींनी घातले. परसाचे दार श्रावण-भाद्रपदात फुगते आणि चौकटीत बसत नाही. ते लावताना डाव्या पायाच्या अंगठ्याने खालून किंचित उचलावे लागते. पन्नास वर्षे मी ते दार तसेच लावीत आलो होतो आणि ही उणीव आहे हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते. काकी आपल्या अंगणातून इतकी वर्षे ते पाहात होत्या. कबजा देण्याच्या दिवशी घेणाऱ्यांच्या वृद्ध मातोश्रींनी कागद हाती धरून एकेक कलम पडताळले, व चौदाव्यापाशी येऊन त्या म्हणाल्या, हे करून दाखवा. कार्तिक होता, दार फुगलेले नव्हते, पाय लावण्याची गरज नव्हती. तरी मी चप्पल काढली, अंगठा खाली घातला, दार उचलले आणि लावून दाखविले. मग त्यांनीही चप्पल काढली.

बूढ़ापारा, रायपूर